दुसरा कागद

आमच्या कचेरीत खाडाखोड चालत नाही. रोजकीर्दीत आकडा चुकला तर त्यावरच दुसरा आकडा गिरवायचा नसतो. चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला लघुस्वाक्षरी करायची. चूक कोणाची, हे कायमचे नोंदले जाते. इतकी वर्षे ही कारकुनी केल्यामुळे असेल, पण आम्हाला घरातही खाडाखोड खपत नाही. मुलांची वही उघडली की आमची नजर आधी खोडलेल्या जागेवर जाते.

मागल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या हातून एक चूक झाली. तिच्यावर रेघ मारून बाजूला सही करावी, म्हणून हे लिहितो आहोत.

आमची थोरली मुलगी तेव्हा नववीत जाणार होती. चित्रकलेच्या सरांनी सुट्टीत एक निसर्गचित्र काढून आणायला सांगितले होते. वस्तीपासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर नगरपालिकेची बाग आहे, तिच्यात लहानसे तळे आहे. मुलगी रोज सकाळी पाण्याची बाटली आणि रंगाची पेटी घेऊन तिथे जाऊन बसे. तिसऱ्या दिवशी तिने कागद फाडला. पाचव्या दिवशी दुसरा फाडला. सहावा कागद फाडला त्या दिवशी आम्ही कामावरून थकून आलो होतो आणि महिनाअखेर होती. आम्ही म्हणालो, "पैसे काय झाडाला लागतात? एका कागदावर नीट काढता येत नसेल तर काढूच नकोस."

ती म्हणाली, "पप्पा, सात वाजता पाणी हिरवं असतं, नऊ वाजता पांढरं होतं. माझं काढून होईपर्यंत ते बदलून जातं."

आम्हाला ती सबब वाटली. रंगाची पेटी कपाटावर गेली.

आता योगायोग असा, की आम्ही काही मंडळी वस्तीत मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. तिथे कोणी जुन्या पुस्तकांचा गठ्ठा आणून दिला होता. रविवारी त्याची नोंद करताना त्यात एक इंग्रजी सचित्र पुस्तक निघाले. मुखपृष्ठावर तळे, पाण्यावर फुले. फ्रान्सचे चित्रकार क्लोद मोने यांच्यावरचे ते पुस्तक होते. नोंद बाजूला ठेवून आम्ही ते चाळू लागलो आणि मग मिळेल ते वाचत गेलो. आमच्या मुलीची सबब मोने यांनी चाळीसएक वर्षे सांगितली होती, असे आमच्या लक्षात आले.

मोने यांचा जन्म १८४० चा. तरुणपणी गरिबी होती. रंग आणि कॅनव्हास उधारीवर आणायचे, घरभाडे थकायचे. १८७८ मध्ये त्यांनी एक भले मोठे चित्र भाड्यापोटी घरमालकाकडे तारण ठेवले. काही वर्षांनी ते सोडवून आणले तेव्हा ओलीने खराब झाले होते. मोने यांनी ते कापले आणि चांगले तुकडे ठेवले. १८७९ मध्ये पत्नी कामिय वारली, पदरात दोन लहान मुले होती. पुढे १८८३ मध्ये ते पॅरिसपासून काही अंतरावरच्या जिव्हर्नी या खेड्यात भाड्याच्या घरात राहायला आले. चित्रे विकली जाऊ लागल्यावर १८९० मध्ये तेच घर विकत घेतले.

तिथे त्यांनी बाग केली. १८९३ मध्ये रेल्वेरुळांपलीकडची जमीन घेऊन तळे खणायचे ठरवले आणि ओढ्याचे पाणी वळवण्याची परवानगी मागितली. गावकऱ्यांनी हरकत घेतली. परदेशी झाडे लावल्याने खालच्या अंगाचे पाणी नासेल, अशी त्यांना भीती होती. अर्ज, विनंत्या झाल्या आणि शेवटी परवानगी मिळाली. तळ्यात त्यांनी कुमुदिनी लावल्या. आपण त्यांनाही कमळच म्हणतो, पण कुमुदिनीचे पान पाण्यावर टेकलेले असते, कमळाचे वर उचललेले. तळ्यावर हिरवा लाकडी पूल बांधला. पुढे आणखी जमीन घेऊन तळे मोठे केले, काठ बदलले. म्हणजे चित्र काढण्याआधी त्यांनी बागच कितीदा तरी खोडून नव्याने काढली. अर्थात खोरे-फावडे दुसऱ्यांच्या हातात होते. त्यांच्याकडे सहा माळी होते आणि त्यांपैकी एकाचे काम होडीतून फिरून पाने साफ करणे हे होते. जग ते तळे मोने यांचे म्हणून ओळखते, पण ते नितळ ठेवण्यात त्या होडीतल्या माणसाचा घाम आहे, एवढे आपण कष्टकरी माणसांनी ध्यानात ठेवावे.

आता पाणी बदलते त्याचे काय? मोने यांची पद्धत अशी. एका जागी बसताना ते एक कॅनव्हास नव्हे, बरेच कॅनव्हास बरोबर नेत. ऊन सरकले की हातातले चित्र बाजूला ठेवून पुढच्या प्रकाशाचे चित्र घेत. दुसऱ्या दिवशी तीच वेळ आली की पहिले पुन्हा पुढे. शेतातल्या गंज्या, नदीकाठची झाडे आणि रूआँ शहरातले मोठे चर्च त्यांनी असेच पुन्हा पुन्हा रंगवले. मग ती चित्रे घरी आणून शेजारी शेजारी लावत आणि पुन्हा हात फिरवत. एक थर वाळला की त्यावर दुसरा, नको असेल ते खरवडून पुन्हा तिसरा. तैलरंगात हे जमते. पाण्याच्या रंगात जमत नाही. तिथे तीनदा हात फिरवला की कागद मळतो. म्हणून पाण्याच्या रंगाला दुसरा कागदच लागतो. हे वाचले आणि आमची मान खाली गेली. आमची मुलगी कागद वाया घालवत नव्हती. कामाची रीतच ती होती आणि ती रीत तिला कोणी शिकवलीही नव्हती.

मोने यांनीही फाडले. तळ्याच्या चित्रांचे प्रदर्शन ते पुढे पुढे ढकलत राहिले. १९०८ मध्ये तर त्यांनी किमान पंधरा चित्रे स्वतःच्या हाताने नष्ट केली. अखेर १९०९ मध्ये प्रदर्शन भरले, तेव्हा भिंतीवर ४८ चित्रे होती. लोकांनी ती ४८ पाहिली. फाडलेली कोणी पाहिली नाहीत.

त्यानंतरचा काळ वाईट गेला. १९११ मध्ये दुसरी पत्नी अॅलिस गेली, १९१२ मध्ये डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे निदान झाले, १९१४ मध्ये थोरला मुलगा गेला आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले. अशा वेळी सत्तरी उलटलेल्या या माणसाने तळ्याची भिंतीएवढी चित्रे करायला घेतली. त्यासाठी मोठी चित्रशाळा बांधली, चित्रांना चाकांचे घोडे केले. त्यांची सून ब्लांश, जी स्वतः चित्रकार होती, तिने घर आणि त्यांना सांभाळले. रंग नीट दिसेनात तेव्हा रंगपाटीवरची रंगांची जागा पक्की ठरवून ते काम करीत. १९२३ मध्ये उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. नव्या नजरेने जुनी चित्रे पाहिली आणि पुन्हा दुरुस्तीला बसले.

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही चित्रे त्यांनी देशाला द्यायची कबूल केली होती, १९२२ मध्ये तसा करारही झाला. पण हातून ती सुटेनात. स्नेही क्लेमांसो, जे महायुद्धात फ्रान्सचे पंतप्रधान होते, ते समजावून थकले, रागावले. ५ डिसेंबर १९२६ रोजी मोने वारले, तेव्हा चित्रे घरीच होती. १९२७ च्या मे महिन्यात पॅरिसच्या ऑरांजेरीत ती लोकांसाठी खुली झाली. दोन लंबगोल दालने आणि सगळी मिळून जवळजवळ १०० मीटर लांबीची चित्रे आजही तिथे आहेत. पुन्हा करणे हे जसे काम आहे, तसे हात थांबवणे हेही काम आहे, आणि ते मोने यांनाही अवघड गेले.

रात्री हे सगळे आम्ही घरी सांगत होतो. मुलगी ऐकत होती, पण आमच्याकडे पाहत नव्हती. तिची आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्ही तरी बी.कॉम. एका कागदावर झालात का?"

आम्ही गप्प झालो. शेवटच्या वर्षी आम्ही पहिल्या खेपेला कॉस्टिंगमध्ये नापास झालो होतो. नापास झाला की मुलाला कामाला लावायचे, हीच तेव्हा वस्तीतली रीत. आमच्या बरोबरीची कितीतरी हुशार मुले अशी एका वर्षात शाळा-कॉलेजातून उठली. त्यांची अक्कल कमी नव्हती, त्यांना दुसरी खेप मिळाली नाही एवढेच. आमच्या वडिलांनी ओव्हरटाइम करून परीक्षेची फी पुन्हा भरली. एक शब्द बोलले नाहीत. आज आम्ही ज्या खुर्चीवर बसतो ती त्या दुसऱ्या फीची आहे, आणि आम्ही आमच्या मुलीला एका कागदाचा हिशेब विचारला.

श्रीमंताच्या घरी दुसरा कागद आपोआप असतो. आपल्या घरी तो कोणीतरी आपल्या पोटाला चिमटा घेऊन आणावा लागतो. म्हणून बंधू-भगिनींनो, चित्र असो, गणित असो की परीक्षा असो, मूल पुन्हा करू म्हणत असेल तर आधी त्याला विचारा, काय चुकले असे तुला वाटते? त्याला उत्तर देता आले, तर ते वाया घालवत नाही असे समजा. आमच्या मुलीने उत्तर दिले होते. आम्ही ऐकले नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी कपाटावरून खाली आली. आम्ही डझनभर कागद आणले. तिने ते दोन भागांत ठेवले, सहा सात वाजताच्या पाण्याचे आणि सहा नऊ वाजताच्या. एका रविवारी आम्ही तिच्याबरोबर बागेत जाऊन बसलो. सातला पाणी खरोखरच हिरवे होते. इतकी वर्षे त्या बागेवरून जातो, आम्ही ते कधी पाहिले नव्हते.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तिने एक चित्र निवडले. म्हणाली, "अजून पाणी जमलं नाही, पप्पा. पण आता थांबते."

फाडलेल्या सहा कागदांपैकी एक तिच्या आईने जपून ठेवला होता. तो आम्ही चिकटवून आमच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवला आहे. कोपऱ्यात आमची लघुस्वाक्षरी आहे.