डोंबिवलीच्या नावाच्या संख्या

गणिताच्या जागतिक कोशांत 'डेम्लो संख्या' अशी एक नोंद सापडते. जी.आय.पी. रेल्वेच्या काळात मुंबईपासून 30 मैलांवर डेम्लो नावाचे स्थानक होते; तेच आजचे डोंबिवली. या संख्यांचा अभ्यास करावा, ही कल्पना दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना तिथे सुचली आणि त्यांनी स्थानकाचेच नाव संख्यांना देऊन टाकले. रोज लाखो पावले तुडवतात त्या फलाटाचे नाव असे थेट गणितात जाऊन बसले आहे.

कापरेकरांचा जन्म 1905 साली डहाणूचा. शाळा ठाण्यात झाली, कॉलेज पुण्यात फर्ग्युसनमध्ये. 1927 साली स्वतंत्र गणिती कामासाठी त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पदवीपुढचे शिक्षण मात्र झाले नाही. 1930 ते 1962 अशी बत्तीस वर्षे ते देवळालीच्या शाळेत शिकवत राहिले.

2553 ही संख्या घ्या. दोन टोकांच्या अंकांची बेरीज, 2 आणि 3, होते 5. आणि मध्ये उभे आहेत तेच दोन पाच. ही डेम्लो संख्या. तिच्या मागे एक साधा गुणाकार आहे: 23 गुणिले 111. याच कुळातल्या काही संख्यांना कापरेकर 'अद्भुत' म्हणत. 11 चा वर्ग 121, 111 चा 12321, 1111 चा 1234321. चढत जायचे, शिखर गाठायचे, तसेच उतरायचे. नऊ एकांपर्यंत ही शिस्त टिकते: 12345678987654321. दहाव्या एकाला हातचा आड येतो आणि उत्तर 1234567900987654321 असे विस्कटते. हातच्याची ही करामत तिसरी-चौथीच्या मुलालाही कळते, म्हणूनच ती इतकी विलक्षण वाटते.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध म्हणजे 6174. तो त्यांनी 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावायचे, मोठीतून लहान वजा करायची आणि उत्तरावर पुन्हा तेच करायचे. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली ते साल, 1853, घेऊन पाहू:

8531 − 1358 = 7173
7731 − 1377 = 6354
6543 − 3456 = 3087
8730 − 0378 = 8352
8532 − 2358 = 6174

6174 वर तीच क्रिया केली की पुन्हा 6174. सुरुवात कुठूनही करा, फार तर सात पायऱ्यांत इथेच यावे लागते.

संगणकाचा पत्ता नसताना एका शाळामास्तराने हे कागद-पेन्सिलीवर शोधले. तरीही देशातल्या अनेक गणितज्ञांनी त्यांच्या कामाची चेष्टाच केली. मोठ्या नियतकालिकांत सहसा जागा मिळत नसे, म्हणून कापरेकर स्वतःच पुस्तिका छापत. देवळालीच्या नावानेही त्यांनी संख्या ओळखल्या: कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून ज्या तयार होत नाहीत, त्या स्वयंभू संख्या. 15 मध्ये 1 आणि 5 मिळवले की 21 होतात. 20 मात्र कशातूनच होत नाहीत.

1975 साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'च्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिले आणि जगाचे लक्ष गेले. तेव्हा कापरेकर सत्तरीत होते. 1986 साली ते गेले.

त्यांच्या वजाबाकीत अजूनही विचारण्यासारखे खूप आहे. तीन अंकांना 495 हे मुक्कामाचे ठिकाण मिळते. पाच अंकी संख्या कुठेच थांबत नाहीत, चक्रात फिरत राहतात. सहा अंकांना 549945 आणि 631764 अशी दोन ठिकाणे सापडतात. असे का व्हावे, हा प्रश्न डोंबिवली, कल्याण आणि ठाण्याच्या प्रत्येक शाळेत फळ्यावर लिहिला गेला पाहिजे, आणि त्याखाली कापरेकरांचे नाव.