पिंगुळीच्या गोठ्यातल्या बाहुल्या

मराठवाड्यातला माणूस कोकणात उतरतो तो समुद्र बघायला. आमच्या मुरुडमधून दिवाळीच्या सुटीत जी चार-दोन कुटुंबे तिकडे जातात, ती सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीची वाळू, ताजी मासळी आणि येताना काजूच्या पिशव्या एवढे करून परततात. आम्हीही ते सगळे केले. पण आमच्या यादीत आणखी एक गाव होते, कुडाळला लागून असलेले पिंगुळी. तिथल्या गुढीपूर वाडीत, गुरांच्या जुन्या गोठ्यात बाहुल्यांचे संग्रहालय आहे. ते बघायचेच, हा हट्ट माझा.

हट्टाला कारण होते. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. पाचवी-सहावीतली ही मुले मराठी वाचतात, लिहितातही. पण बोलायची वेळ आली की गप्प. घरात दखनी, मकतबात अरबी-उर्दू, गल्लीत मोडकेतोडके मराठी. चुकलो तर कोणी हसेल, ही धास्ती. मुलाच्या हातात बाहुली दिली की बोलते ती बाहुली, चुकते तीही बाहुली, आणि मूल मोकळे होते, हे बी.एड.ला असताना ऐकले होते. दिल्लीचे सीसीआरटी हे सरकारी केंद्र शिक्षकांना वर्गातल्या बाहुलीनाट्याचे प्रशिक्षणही देते. मी मात्र कळसूत्री बाहुली जवळून बघितली ती एकदाच, लहानपणी लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत. राजस्थानी कठपुतळीवाला तोंडात पिपाणी धरून चिरक्या आवाजात बाहुल्यांना बोलवत होता. त्या लोकांचा गाजलेला खेळ अमरसिंह राठोडचा, म्हणजे शाहजहानच्या दरबारातला. त्यामुळे बाहुल्यांच्या अंगावर मोगली अंगरखे आणि पगड्या.

मुरुडहून रेल्वेने कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज करत कोल्हापूर गाठले. मिरजेला गाडी थांबली तेव्हा डब्यातल्या लातूरकरांमध्ये आपसूक विषय निघाला. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी घेऊन येणारी गाडी इथूनच भरून निघायची. कोल्हापूरहून पुढे एस.टी. फोंडा घाट उतरून कणकवलीला आणि तिथून कुडाळला. आमच्याकडे सोयाबीन निघून रानं उघडी पडलेली, आणि इथे घाटात भिंतीसुद्धा हिरव्या. धाकटीने विचारले, "अम्मी, इथं टँकर कुठं येतो?" कंडक्टर हसला, आम्ही नाही हसलो.

पिंगुळीचे संग्रहालय परशुराम गंगावणे यांनी २००६ साली सुरू केले. नाव 'ठाकर आदिवासी कला आंगण'. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि मग वर्तमानपत्रांतून हे गाव घरोघर पोचले. शहरातल्या वस्तुसंग्रहालयाची सवय असलेल्याला इथे पहिल्यांदा चुकल्यासारखे होते. काचेची कपाटे, 'हात लावू नका'च्या पाट्या असला थाट नाही. बुटके छप्पर, सारवलेली जमीन, भिंतीवर ओळीने चित्रे आणि वर दोऱ्यांना लटकलेल्या बाहुल्या. घर चालू आहे आणि त्याच्याच एका भागात कला राहते आहे, असे वाटते.

ठाकर समाजाकडे तीन प्रकार आहेत. पहिला चित्रकथीचा. हाताने रंगवलेल्या चित्रांचा एक संच म्हणजे एक पोथी. कथेकरी एकेक चित्र पुढे मांडतो आणि वाद्यांच्या साथीने कथा गातो. चित्र संपले की मागे सरकवतो, पुढचे घेतो. दुसरा कळसूत्री बाहुल्यांचा, लाकडी, दोऱ्यांवर नाचणाऱ्या. तिसरा चामड्याच्या बाहुल्यांचा. पांढरा पडदा, मागे दिवा, आणि दिवा व पडदा यांच्यामध्ये चामड्याची रंगवलेली आकृती. समोरच्याला दिसते ती तिची सावली. कथा रामायण-महाभारतातल्या. पूर्वी देवळांतून, सणावाराला हे खेळ रात्री रंगत आणि सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. (त्याच सावंतवाडीत गंजिफाचे गोल पत्ते रंगवतात. खेळ इराणकडून मोगलांबरोबर आलेला, आणि पत्त्यांवर दशावतार! या एका विषयावर वेगळा लेख होईल.) आता खेळ बघायला येतात ते बहुतेक पर्यटक आणि शाळांच्या सहली.

आम्ही बसलो तेव्हा पडद्यामागे दिवा लागला आणि माझी दोन्ही मुले, जी घरी मोबाईल सोडत नाहीत, चटईवर पुढे पुढे सरकत पार पडद्याला टेकली. कळसूत्रीचा खेळ झाल्यावर मला एक बाहुली हातात धरता आली. लाकूड हलके असते, पण दोरे जुळवून तिला नुसते सरळ उभे करायलाच माझे मनगट भरून आले. चालवणे तर लांबच. दोन पावले टाकल्यासारखे दिसले, की बाहुली गुडघ्यावर बसली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना रिक्षात सासूअम्मांनी हळूच विचारले, "ये बच्च्यांकू दिखाना जायज है क्या बहू?"

हा प्रश्न आमच्या अनेक घरांत आहे. शाळेत बाहुल्या आणल्या तर दोन-चार पालक येऊन हेच विचारतील, हेही मला ठाऊक आहे. प्रश्न चेष्टेवारी न्यायचा नाही. आपल्या दीनमध्ये मूर्ती आणि चित्राबद्दल जी सावधगिरी आहे ती विनाकारण नाही. पण त्याच हदीसच्या ग्रंथांत हेही आहे की हजरत आयेशा (र.) बाहुल्यांशी खेळत, त्यांच्या मैत्रिणीही खेळायला येत, आणि पैगंबर (स.) त्या मैत्रिणींना परत त्यांच्याकडे खेळायला पाठवत. हे बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींत आहे. अबू दाऊदमध्ये तर पंख असलेल्या घोड्याची गोष्ट आहे. हजरत आयेशांच्या खेळण्यांत कापडी पंखांचा घोडा होता. घोड्याला कुठे पंख असतात का, असे विचारल्यावर त्यांनी हजरत सुलेमान (अ.) यांच्या पंखांच्या घोड्यांचा दाखला दिला, आणि पैगंबर (स.) मनापासून हसले. याच आधारावर बहुतेक फुकहांनी मुलांच्या खेळण्यातल्या बाहुल्यांना सूट दिली. काहींनी दिली नाही. मी शिक्षिका आहे, मुफ्ती नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी आपल्या आलिमांना जरूर विचारावे. पण 'बाहुली' म्हटल्याबरोबर कपाळाला आठ्या घालण्याआधी त्या पंखांच्या घोड्याची आठवण ठेवावी, एवढे मी सासूअम्मांना म्हणाले.

मुसलमानांच्या इतिहासात बाहुल्यांचा खेळ कधी परका नव्हता. सावल्यांच्या खेळाला अरबीत 'खयालुज्जिल' म्हणतात. सुलतान सलाहुद्दीन अय्यूबीने आपले वजीर काझी अल-फाजिल यांना हा खेळ बघायला बसवल्याचा किस्सा जुन्या अरबी लेखकांनी सांगितला आहे. काझीसाहेब आधी उठून जायला निघाले. सुलतान म्हणाला, हे हराम असेल तर आम्हीही बघत नाही. मग ते थांबले. खेळ संपल्यावर कसे वाटले विचारले, तर उत्तर इबरतीचे होते: राज्ये येताना-जाताना पाहिली, आणि पडदा गुंडाळला तेव्हा हलवणारा एकच निघाला.

त्यानंतरच्या शतकात काहिरामध्ये इब्न दानियाल नावाचा डोळ्यांचा हकीम होता, मूळचा मोसुलचा. त्याने सावल्यांच्या खेळासाठी तीन नाटके लिहिली आणि ती आजही उपलब्ध आहेत. त्याच सुमारास, १२९० मध्ये, आपल्याकडे नेवाशाला ज्ञानेश्वरी लिहिली जात होती, आणि तिच्यात 'साइखडे' हा शब्द येतो. साइखडे म्हणजे कळसूत्री बाहुली. नाईलच्या काठी आणि प्रवरेच्या काठी एकाच वेळी बाहुली आणि तिचा सूत्रधार लिहिणाऱ्यांच्या मनात होते. वर्गात मराठी शिकवताना हे सांगितले की उर्दू माध्यमाची मुले कान टवकारतात. ज्ञानेश्वर त्यांना एकदम ओळखीचे वाटतात.

तुर्कस्तानात काराग्योझ आणि हाजीवाद ही जोडी. बुर्सा शहरात मशिदीचे बांधकाम चालू असताना हे दोघे मजूर इतके हसवत की काम खोळंबायचे, अशी लोककथा आहे. त्यांचा खेळ रमजानच्या रात्री, तरावीहनंतर कहवाखान्यांत रंगायचा. २००९ मध्ये युनेस्कोने तो आपल्या यादीत घेतला. जावामध्ये तर सुनान कालिजागा या वलींनी सावल्यांच्या खेळातून इस्लामचा पैगाम पोचवला, असे तिथले लोक मानतात. तिथे अमीर हमजाच्या दास्तानीही बाहुल्या सांगतात. हीच दास्तान आपल्या नाना-नानींनी उर्दूत वाचली.

आणि आपल्या मराठवाड्याचे काय? चित्रकथीची एक शैली पैठणच्या नावाने ओळखली जाते. मोठमोठे डोळे, ठसठशीत रेषा, लढायांचे प्रसंग. ती चित्रे बघायची तर पुण्याला राजा केळकर संग्रहालयात जावे लागते. चित्रे वाचली, पण ती समोर धरून रात्रभर गाणारे पैठणात उरले नाहीत. पिंगुळीत आजही बाप मुलाला दोरे धरायला शिकवतो, यासाठी कोकणाचा हेवा वाटतो. समुद्राचा नाही वाटला.

अर्थात जुने तसेच्या तसे धरून बसल्याने ही कला टिकणार नाही, हेही खरे. फ्रान्समधल्या शार्लव्हिल-मेझिएर या गावात १९६१ पासून बाहुलीनाट्याचा जागतिक महोत्सव भरतो. आपल्याकडे दादी पदमजी या मूळच्या पुण्याच्या पारशी कलावंताने १९८६ मध्ये 'इशारा' ही संस्था काढली आणि २००१ पासून तिचा आंतरराष्ट्रीय बाहुलीनाट्य महोत्सव दिल्लीत होऊ लागला. त्यात मोठ्यांसाठीही नाटके असतात. बाहुली म्हणजे फक्त बच्च्यांचा खेळ, ही समजूत तिथे टिकत नाही. आपल्या मुलांना मात्र बाहुली म्हटले की 'झपाटलेला'तला तात्या विंचू आठवतो. तो रामदास पाध्ये यांनी घडवला, आणि अर्धवटराव त्यांच्या वडिलांनी, हे मी वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून "ओम फट्" सुरू झाले. दहा मिनिटे तास बंद.

सुटीनंतर सहावीत आम्ही जुन्या मोज्यांच्या बाहुल्या केल्या. डोळ्यांना बटणे, केसांना लोकर, एका मुलाने आजोबांची जुनी टोपी कातरून आणली. जो मुलगा 'हजर' याच्या पुढे मराठी बोलत नव्हता, त्याच्या मोज्याने टँकरवाल्याशी भांडण केले, तेही अस्सल मुरुडच्या मराठीत, शिव्या वगळून. दोन पालक येऊन गेले. त्यांना पंखांच्या घोड्याची हदीस दाखवली. एकाने ती लिहून नेली, दुसऱ्याने मौलानांना विचारून कळवतो म्हटले, अजून कळवलेले नाही. त्यांच्या मुलीला मी सध्या बाहुली न देता पडद्यामागून आवाज द्यायचे काम दिले आहे. आवाज तिचाच सगळ्यांत खणखणीत निघाला.

पुढे सावल्यांचा खेळ करायचा आहे. चामडे परवडणारे नाही, लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा चालतो. दिव्याला मोबाईलची बॅटरी. पडद्यासाठी जुनी चादर सासूअम्मा देणार आहेत. अट एवढीच की धुऊन परत मिळाली पाहिजे.