फुटणाऱ्या इंजिनांचे दिवस

आता इंजिन फुटत नाही. फॉर्म्युला वनची शर्यत सुटते आणि जवळपास सगळ्या गाड्या शेवटच्या झेंड्यापर्यंत पोचतात. एका चालकाला अख्ख्या हंगामात मोजकी इंजिनं मिळतात, म्हणून ती जपून, हिशेबाने पळवली जातात. हजारो मैलांवर कारखान्यात बसलेला इंजिनिअर आकड्यांवर डोळा ठेवून असतो. जरा ताप चढला की चालकाच्या कानात सूचना येते. हे कौशल्य फार मोठं आहे आणि मला त्याचा आदर आहे. तरीही रविवारी संध्याकाळी शर्यत बघताना मी त्या पांढऱ्या धुराची वाट बघत राहतो. सगळ्यांत पुढे पळणारी गाडी, मागून अचानक उठलेला लोट, आणि वेग कमी होत होत गवताच्या कडेला थांबलेला माणूस.

मला ही दुनिया दिसली ती हिंगोलीत, केबलवर. १ मे १९९९ ला परभणीतून निघून हिंगोलीचा वेगळा जिल्हा झाला. स्टेशनातून तेव्हा मीटर गेजची गाडी जायची, कयाधूच्या पुलावर संध्याकाळी माणसं गप्पा मारत उभी असायची, आणि आमच्या घरात युरोपातल्या शर्यती साडेपाचला सुरू व्हायच्या. दिवेलागणीला संपायच्या. ती वेळ मला अजून अंगात जाणवते. तीन लिटरची दहा सिलिंडरची इंजिनं होती ती. २००५ पर्यंत मिनिटाला एकोणीस हजार फेऱ्यांच्या आसपास पोचली होती. टीव्हीच्या एवढ्याशा स्पीकरमधूनही तो आवाज दुसऱ्या कशासारखा वाटायचा नाही. गिअर बदलला की त्याला मधेच चीर पडायची, आणि पुन्हा तो वर चढत जायचा, आता फाटेल आता फाटेल असा.

२७ ऑगस्ट २०००. पोळा तोंडावर आला होता, बाजारात झुली आणि गोंडे टांगलेले होते. बेल्जियममधल्या स्पा इथे चव्वेचाळीस लॅपची शर्यत. फेरारीतला शूमाकर पुढे, हाक्किनेन मागे, दोघेही जगज्जेते. चाळिसाव्या लॅपला ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगात शूमाकरने त्याच्यासमोर गाडी आणली, तेव्हा हाक्किनेनला माघार घ्यावी लागली. पुढच्याच लॅपला, त्याच चढाच्या सरळ रस्त्यावर, मधे रिकार्दो झोंटाची मागे पडलेली गाडी आली. शूमाकर तिच्या डावीकडून गेला, हाक्किनेन उजवीकडून. तीन गाड्या एका ओळीत, आणि वळण आलं तेव्हा हाक्किनेन पुढे. शर्यत संपल्यावर तो शूमाकरजवळ गेला आणि हातवारे करत शांतपणे काहीतरी समजावत राहिला. कुणी ओरडलं नाही. मला त्या ओव्हरटेकइतकंच ते बोलणं आवडलं.

आणि सुझुका, ८ ऑक्टोबर २००६. दसऱ्याला अजून आठवडाही झाला नव्हता. जपानची शर्यत म्हणजे आपल्याकडे रविवारची सकाळ. हंगामाच्या दोनच शर्यती राहिलेल्या, शूमाकर आणि अलोन्सो दोघांचे ११६ गुण. शूमाकर आघाडीवर होता. छत्तिसाव्या लॅपला त्याच्या फेरारीच्या मागून धूर निघाला. २००० च्या फ्रान्सनंतर शर्यतीत त्याचं इंजिन असं कधी गेलं नव्हतं. सहा वर्षं ते टिकलं आणि नेमकं त्या दिवशी गेलं. बाहेर शिवारात सोयाबीन काढणीला आलं होतं, आणि त्या दिवसांत आभाळाकडे बघणाऱ्या माणसाला जे वाटतं तेच मला टीव्हीसमोर वाटलं: सगळं हातात आलेलं असताना जाणं. शूमाकर चालत गॅरेजमध्ये आला. ज्यांनी ते इंजिन बांधलं, जोडलं, त्यांच्यातल्या एकेकाजवळ जाऊन त्याने त्यांना धीर दिला. पुढे दिवाळीच्या दिवसांत ब्राझीलला तो टायर पंक्चर होऊन पार मागे फेकला गेला आणि तिथून चौथा आला. पण माझ्यासाठी तो माणूस सुझुकाच्या गॅरेजमधला आहे. गेलेल्या इंजिनानेच तो मला दाखवला. धूर निघाला नसता तर मी फक्त एक जिंकणारा माणूस बघितला असता.

त्या वर्षांत आमच्याकडे लोडशेडिंगही होतं. पंधरा लॅप राहिलेल्या असताना पंखा मंदावायचा, पडदा काळा व्हायचा. मग सोमवारच्या पेपरात क्रीडा पानाच्या तळाशी चार ओळी शोधायच्या. नसल्या तर मंगळवारची वाट. मधल्या त्या तासांत शर्यत माझ्या डोक्यात चालूच असायची. एका शर्यतीचे मी कितीतरी शेवट करायचो.

जुन्या दिवसांच्या या ओढीत एक धोका आहे आणि तो मला माहीत आहे. जुन्या काळात फक्त इंजिनं जात नव्हती, माणसं जात होती. १९९४ मध्ये इमोलाला ३० एप्रिलला चालक रोलांड रात्झेनबर्गर गेला आणि दुसऱ्या दिवशी, १ मेला, सेन्ना. आमच्याकडे १ मे म्हणजे झेंडावंदन, महाराष्ट्राचा आणि आता आमच्या जिल्ह्याचाही वाढदिवस. मला त्या दिवशी सेन्ना आठवल्याशिवाय राहत नाही. २०१८ मध्ये चालकाच्या डोक्यावर हेलोची कमान आली तेव्हा गाडी कुरूप झाली म्हणून खूप ओरड झाली. २९ नोव्हेंबर २०२० ला बहरीनला रोमां ग्रोजाँची गाडी कठडा फोडून दुभंगली, पेटली, आणि जवळजवळ अर्ध्या मिनिटाने तो आगीतून आपल्या पायांनी बाहेर आला. त्या दिवसापासून मला ती कमान सुंदर दिसते.

आमच्या भागातल्या शंकरपटाचं, बैलांच्या शर्यतींचंही असंच आहे. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह वाट मोकळी झाली, आणि २०२३ मध्ये घटनापीठाने शिक्कामोर्तब केलं. पटाच्या कडेला बसलेली म्हातारी माणसं जुन्या जोड्यांची नावं घेतात, आताच्या बैलांत तो दम नाही म्हणतात. पण त्यांतल्याच एकाला मी म्हणताना ऐकलं की पराणीची आर गेली हे बरं झालं. आठवण काढावी ती अशी. काय हवं आणि काय नको, हे त्या म्हाताऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

२०११ च्या ऑक्टोबरात भारतात पहिली शर्यत झाली, तेव्हा मी नांदेडहून सचखंड एक्सप्रेसने दिल्ली गाठून ग्रेटर नोएडाला गेलो. तोवर दहाची आठ सिलिंडरं झाली होती. तरी पहिली गाडी समोरून गेली तेव्हा कळलं, हा आवाज बरगड्यांनी ऐकायचा असतो. सरावाच्या पहिल्या दिवशी ट्रॅकवर कुत्रं शिरलं आणि सगळं थांबलं, तेव्हा ती दुनिया आपल्या गावाला आल्यासारखी वाटली. तीन वर्षं, तिन्ही वेळा वेटेल जिंकला. मग कराचा वाद: हा खेळ नव्हे, करमणूक, असं उत्तर प्रदेश सरकारने धरलं. २०१३ नंतर शर्यत आलीच नाही. ते मला अजून लागतं.

२०१४ पासून सहा सिलिंडरची हायब्रिड इंजिनं आली आणि आवाज खाली उतरला. २०२५ मध्ये एफआयए या खेळाच्या नियामक संस्थेच्या अध्यक्षांनी दहा सिलिंडरची व्ही-टेन इंजिनं परत आणण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा माझ्या वयाचे सगळे हरखले. मलाही तो आवाज हवा आहे. पण प्रत्येक भाग आधीच मोजून, तपासून, सांभाळून पळवायचा असेल तर तो आवाज पोकळ वाटेल. फाटेल की काय या भीतीनेच तो भरलेला होता.

माझा पुतण्या सोळा वर्षांचा आहे, शर्यती फोनवर बघतो. त्याला मी स्पाची ती एक्केचाळिसावी लॅप दाखवली. त्याने ती पुन्हा लावली आणि विचारलं, "काका, मधल्या झोंटाला कळलं असेल का, दोघं दोन्हीकडून येतायत ते?" इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. आम्ही मग फक्त झोंटाकडे बघत ती लॅप पुन्हा पाहिली. दोन जगज्जेते दोन बाजूंनी सुटत असताना त्याने गाडी जराही हलवली नाही, सरळ ठेवली.

मग त्याने मला २०२१ ची अबू धाबी दाखवायला घेतली, व्हर्स्टापेन आणि हॅमिल्टनची शेवटची लॅप. "असं आता होत नाही," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, नुसता शेवट नको, पहिल्या लॅपपासून लाव.