खिशातला कलमतराश

पूर्वी पुरुषमाणसाच्या खिशात काय काय असायचे याची एकदा यादी करून पाहा. रुमाल, सुटे पैसे, पानाची चंची किंवा तपकिरीची डबी, किल्ल्यांचा जुडगा, दोन-तीन चिठ्ठ्या आणि एक घडीचा चाकू. यातल्या बऱ्याच वस्तू मोबाईलने गिळल्या. घड्याळ गेले, वही गेली, आता सुटे पैसेही गेले. चाकूचे काम मात्र मोबाईलला येत नाही. तरीही चाकू गेलाच! पुडा फोडायला आपण दात वापरतो, सुतळी तोडायला किल्लीचे दाते घासत बसतो, आणि ऑफिसात कुणी पेरू आणले तर चाकू शोधत कँटीनपर्यंत जातो.

माझ्या खिशात तो अजून आहे. जुना आहे, माझ्या आजोबांचा. त्याच्यामुळे माझी कितीतरी किरकोळ कामे होतात, पण आज लिहायचे आहे ते त्या कामांपेक्षा त्याच्या नावाविषयी. एकाच वस्तूला किती नावे असतात, आणि कोणते नाव कधी वापरायचे हे कोण ठरवते, हे मला या चाकूने शिकवले. तेही गोव्यात नव्हे, हैदराबादेत, कोठीच्या फुटपाथवर.

आम्हा गोंयकारांना पात्याचे नवल नाही. माडावर चढणाऱ्या पाडेल्याच्या कमरेला आकडी आणि आकडीत कोयता. रेंदेराची काती वेगळी, चंद्रकोरीसारखी, आणि तिला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. स्वयंपाकघरात आडोळी. ही सगळी पाती उघड्यावर वावरत. कोयतावाला माणूस दारात आला तर घरातले विचारत, ‘आज नारळ पाडायचे का?’ घाटावर तर हळद लागल्यापासून नवऱ्यामुलाच्या हातात लिंबू टोचलेली सुरी असते, आणि ती काढून घ्यायचे कुणाच्या मनातही येत नाही. माणसाचे काम ठाऊक असले की त्याच्या हातातल्या पात्याची भीती वाटत नाही.

खिशातल्या लहान चाकूला आमच्याकडची पोर्तुगीज शिकलेली मंडळी ‘कानिव्हेत’ म्हणत. आजोबा मात्र त्याला ‘खुरसाचो चाकू’ म्हणायचे. त्याचे कारण पात्याच्या मुळाशी आहे. तिथे एक तारा आणि एक छोटासा माल्टीज क्रूस कोरला आहे. ही इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या नामांकित कारखान्याची खूण. शेजारच्या एका तारवट्याने तो बोटीवरून आणून आजोबांना दिला होता. दोन पाती आहेत, मोठे जेमतेम अडीच इंचांचे आणि धाकटे त्याच्या निम्मे. आत पितळेच्या पट्ट्या, आणि मूठ हाडाची. आता हे हाड बैलाचे, ही गोष्ट आजोबांनी आजीला जन्मभर सांगितली नाही! चवथीला माटोळी बांधताना केवणीचे दोर याच चाकूने कापले जात, आणि आजी समाधानाने पाहत असे.

शेफील्डच्या जुन्या चाकूंत हाडापेक्षा वरचढ मानली जाई ती सांबरशिंगाची मूठ. ही शिंगे जात होती आपल्याच देशातून. नर सांबर दरवर्षी शिंगे टाकतो. रानात पडलेली ती शिंगे गोळा होऊन विलायतेला जात, आणि चाकूच्या मुठी होऊन थोडी परत येत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर बंधने आवळत गेली आणि पुढे ही निर्यात बंदच झाली. म्हणून जुन्या बाजारात सांबरशिंगाच्या मुठीचा चाकू दिसला तर पाहावा आणि खाली ठेवावा. तो जुना असला म्हणून त्याची खरेदी-विक्री कायदेशीर ठरत नाही. हस्तिदंताचेही तेच.

असो. नोकरीने मला हैदराबादेत नेले आणि बिऱ्हाड कोठीजवळ मिळाले. कोठी म्हणजे इंग्रज रेसिडेंटची कोठी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक रेसिडेंट असताना बांधलेला तो खांबांचा वाडा. १९४९ पासून तिथे मुलींचे कॉलेज आले आणि आता ते महिला विद्यापीठ झाले आहे. वाड्याभोवतालचा बाजार इंग्रजांच्या अखत्यारीत होता. तो १९३३ साली निजामाकडे परत आला आणि त्याचा सुलतान बाजार झाला. आपल्या मराठी माणसांना हा भाग परका नाही. विवेक वर्धिनी संस्था इथलीच, आणि मराठी ग्रंथ संग्रहालयही याच परिसरात. संग्रहालयातून निघून बस स्टॉपकडे जाताना रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांपाशी पाय अडला नाही असा मराठी वाचक विरळाच.

असाच माझा पाय अडला. एका वयस्कर पुस्तकवाल्याकडे सुतळीने करकचून बांधलेला गठ्ठा आला होता आणि ते गृहस्थ गाठीशी झटत होते. मी खिशातून चाकू काढला, नखाने पाते उघडले, सुतळी कापली. गठ्ठ्यात एक जुने फ्रेंच पुस्तक निघाले, तेही पाने न कापलेले. घरात पोर्तुगीज पुस्तके असलेल्यांना हा प्रकार ठाऊक असेल. छापलेल्या कागदाच्या घड्या तशाच राहिलेल्या असतात आणि वाचणाऱ्याने त्या स्वतः कापून घ्यायच्या असतात. मी धाकट्या पात्याने दोन घड्या सोडवल्या. चाचा पुस्तकाकडे न पाहता माझ्या हाताकडे पाहत होते.

‘‘अरे, ये तो कलमतराश है साब! हमारे दादा के पास ऐसाच था.’’

(त्या ‘ऐसाच’मधला ‘च’ ऐकून मला घरी आल्यासारखे वाटले. दखनीने हा ‘च’ आपल्या मराठीकडून घेतला असे भाषेचे जाणकार सांगतात.)

कलमतराश म्हणजे कलम तासणारा. बोरूचे टोक लिहिता लिहिता झिजते, फुगते, आणि अक्षराची जाड-बारीक रेघ बिघडते. मग पुन्हा तासायचे, मध्ये चीर द्यायची, आणि शेवटी टोकाला एकाच दाबात तिरका काप. या कापाला उर्दू खुशनवीस ‘कत’ म्हणतात, आणि तो घ्यायला कलमाखाली धरायची पट्टीही वेगळी असते. पाते बोथट असेल तर बोरू चिरडतो, म्हणून लिहिणाऱ्याच्या चाकूला धार हवी. आपले मोडी लिहिणारे कारकून याच कामाला लागलेले असत, आणि जुन्या मराठीला कलमतराश हा शब्दही परका नव्हता. इंग्रजीतल्या ‘पेननाइफ’मधला पेनही हाच, तिथे बोरूऐवजी पिसाची लेखणी. चाचांचे दादा अर्जनविशी करत. मुसीच्या पलीकडे छत्ता बाजारात लग्नपत्रिका हाताने लिहिणारे कातिब बसत, त्यांच्यातही त्यांची उठबस होती. म्हणजे आजोबांचा ‘खुरसाचो चाकू’ आणि त्यांच्या दादांचा कलमतराश ही एकाच कामाची दोन अवजारे!

मी सहज विचारले, ‘‘तो अजून आहे का तुमच्याकडे?’’

‘‘है. घर पे है.’’

‘‘मग इथे आणत का नाही? दिवसभर गठ्ठे सोडायचे असतात.’’

चाचा माझे सुटे पैसे मोजत होते. मोजता मोजताच म्हणाले, ‘‘तुमारे जेब में है तो कलमतराश है साब. मेरे जेब में निकला तो हथियार.’’

आवाजात तक्रार नव्हती. भाव सांगावा तसे सांगितले. मी कायदा सांगायला गेलो. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांत पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर त्याची गणना शस्त्रात, आणि त्यातूनही घरकामाची, शेतीची, कारखान्याची अवजारे वगळलेली. अडीच इंचांचे पाते कुठे आणि नऊ इंच कुठे! चाचा हसले. ‘‘नौ इंच नापने तक कौन रुकता?’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही नाही. हे संभाषण कोठीतले आहे हे विसरता येत नाही. २५ ऑगस्ट २००७ च्या संध्याकाळी याच कोठीतल्या गोकुळ चाटमध्ये आणि तिकडे लुंबिनी पार्कमध्ये बॉम्बस्फोट झाले, चाळीसहून अधिक माणसे गेली. त्याच वर्षी मे महिन्यात मक्का मशिदीत स्फोट झाला होता. त्यानंतर पकडलेल्या कित्येक मुसलमान तरुणांना पुढे कोर्टाने निर्दोष सोडले. अशा शहरात पोलिसाने खिसे तपासले तर त्याला नावे कशी ठेवणार? आणि फुटपाथवर पोट असलेल्या चाचांनी खिसा रिकामा ठेवला तर त्यांना तरी भित्रे कसे म्हणणार? एकाच मापाचे पाते, एकाच जातीचे काम. फरक फक्त खिशाचा.

चाकू बदनाम व्हायला आपल्या सिनेमानेही हातभार लावला. ‘वक्त’ (१९६५) मधला राजकुमारचा चाकूचा प्रसंग माझ्या पिढीला पाठ आहे. पडद्यावर चाकू उघडला की रक्त सांडणार हे ठरलेले. बोरू तासणारा किंवा पेरू कापणारा नायक कुणी दाखवला नाही. खटक्याचा रामपुरी तर गुंडाचे आडनाव होऊन बसला. त्या रामपूर शहराने २०२३ साली एका चौकात सुमारे वीस फुटांचा चाकू उभा केला. कारागिरांची कला लोकांसमोर यावी हा हेतू चांगलाच. पण वीस फुटांचा चाकू कुणाच्या उपयोगाचा? चाकू फोटोपुरता उरला म्हणजे त्याचे काम संपले असे मला वाटते.

म्हणून मी माझा वापरतो. जुनी वस्तू कपाटात ठेवावी असा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. जुने पोलादी पाते मात्र कपाटातच लवकर मरते, कारण त्याला गंज चढतो. न गंजणारे पोलाद शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये काढले. त्याआधीच्या पद्धतीचे साधे पोलाद लिंबू, कैरी, भिरंडे कापली की काळेनिळे पडते. हा रंग घासून काढू नये. तो गंज नव्हे, उलट खऱ्या गंजाला तो थोडाफार अडवतो. काम झाले की पाते लगेच पुसावे, आणि सांध्यात अधूनमधून खोबरेल तेलाचा एक थेंब सोडावा. धारेसाठी सायकलवर चाक फिरवणाऱ्याकडे जुना चाकू देऊ नये. त्याच्या चाकावर कोयता चांगला होतो, पण पातळ पाते तापते, त्याचे पाणी उतरते आणि वर्षांचे पोलाद ठिणग्या होऊन उडते. घरी बारीक दगड ओला करावा, पाते जवळजवळ आडवे धरावे, पाठीकडून थोडेसेच उचललेले, आणि दोन्ही बाजू सारख्या ओढाव्यात. शेवटी न्हावी वस्तरा ओढतो तसे चामड्याच्या पट्ट्यावर चार हात. वर्तमानपत्राचा कागद न अडखळता कापला गेला की झाले. प्रत्येक धारेला पाते केसभर झिजते हे खरे. आजोबांच्या वेळेपेक्षा ते आज नक्कीच अरुंद आहे. ही झीज आजोबांची आणि माझी मिळून आहे, तिचे मला वाईट वाटत नाही.

चाकू बाळगायचे काही शिष्टाचारही आहेत. विमानाने जायचे तर तो चेक-इनच्या सामानात. मेट्रो, कोर्ट, सरकारी कचेरी, निवडणुकीची सभा असली की घरी. लोकांत उघडायचा तर सावकाश, आणि काम संपताच बंद. दुसऱ्याला द्यायचा तर मिटून; आमच्या आजीच्या मते तर हातात न देता खाली ठेवावा, म्हणजे भांडण होत नाही. पूर्वी मी हे नियम सभ्यपणा म्हणून पाळत होतो. चाचांशी बोलल्यापासून कळते की नियम पाळून निभावते हीसुद्धा काहींचीच चैन आहे.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी चाचांनी मला थांबवले आणि पुस्तकांच्या मागून एक फडके काढले. आत दादांचा कलमतराश. एकच पाते, गंजाने जाम झालेले, मूठ काळ्या शिंगाची. तो मी घरी नेला, तेलात मुरवला, दोन संध्याकाळी दगडावर बसलो. पाते सुटले, धारही आली. नेऊन दिला तेव्हा चाचांनी कानावरची पेन्सिल काढली, जिने ते पुस्तकांवर किमती टाकत, आणि चार फटक्यांत तिला असे टोक केले की मी पाहतच राहिलो. अंगठा पात्याच्या पाठीवर, मनगट स्थिर. हात दादांचा असणार.

‘‘आता राहू दे की दुकानात,’’ मी म्हटले.

‘‘नक्को साब. घर पे जाम काटेंगे.’’ हैदराबादेत पेरूला जाम म्हणतात.

मग त्यांनी चाकू मिटला, वर्तमानपत्रात गुंडाळला, त्यावर सुतळीचे चार-पाच वेढे घातले, एकावर एक तीन गाठी मारल्या आणि ती पुडी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत अगदी तळाशी ठेवली. चटकन सोडता येणार नाही अशीच बांधली होती.