गुळावाचून पुरण

मॉरिशसला आम्ही सहकुटुंब गेलो ते अवघे पाच दिवस. १८३४पासून करारबद्ध भारतीय मजूर ज्या बंदरात उतरू लागले, त्या पोर्ट लुईत आम्हांला भेटली ती ‘दालपुरी’.

ही भोजपुरी मजुरांची देणगी. तळलेली नाही, तरी नाव पुरी. पोटात डाळ, पण गोड नाही. डाळ शिजवून, निथळून कोरडीच वाटायची. हळद-जिरे घालून मैद्याच्या पारीत भरायची, पातळ लाटून तव्यावर शेकायची. आपण ज्या कटाची आमटी करतो, त्यातच तिथे मैदा भिजवतात! खाताना आत घेवड्याच्या दाण्यांचा रस्सा आणि टोमॅटोचे ‘रुगाय’. भोजपुरी घराघरांतून ओसरत गेली, तिची जागा क्रिओलने घेतली. दालपुरी मात्र सगळ्याच बेटाची झाली. भाषा शिकवून पोट भरणाऱ्या आम्हां दोघांना हे जरा झोंबलेच.

मधुमेहामुळे सासूबाईंनी तीन वर्षे पुरणपोळीला हात लावला नव्हता. यंदा होळीला आम्ही दालपुरी केली (मैद्याऐवजी कणीक, एवढी सूट घेऊन). त्यांनी एक घास सावकाश चावला. “हे काही पुरण नव्हे,” म्हणाल्या, आणि तुपाची वाटी पुढे ओढली.