त्या पाण्याची फळी

आमच्या घरांत कोणतीहि नवी वस्तु यावयाची म्हणजे तिच्यावर आधीं चार दिवस खल झाल्यावांचून ती उंबरठा ओलांडूं शकत नाहीं. शिवणयंत्र आलें तेव्हां असेंच झालें, दूरदर्शनचा संच आला तेव्हांहि असेंच झालें. परंतु गेल्या उन्हाळ्यांत आमच्या धाकट्या पुतण्यानें जी वस्तु घेण्याचा मनोदय जेवतांना जाहीर केला, तिच्यावर खल होण्याऐवजीं पंगतींत एकदम शांतताच पसरली. माझी धाकटी जाऊ आमटी वाढतां वाढतां थांबली व तिच्या हातांतील पळी तशीच अधांतरीं राहिली.

वस्तु म्हणजे एक फळी. ती पाण्यावर टाकावयाची, तिच्यावर ताठ उभें राहावयाचें आणि आपल्याहून वीतभर उंच अशा वल्ह्यानें ती चालवावयाची. हवाई बेटांतील लाटांवर खेळणाऱ्या लोकांनीं या शतकाच्या आरंभीं हा खेळ पुन्हा प्रचारांत आणला व तेथून तो जगभर गेला. धाकट्यानें तो गोव्याच्या किनाऱ्यावर पाहिला होता, दोन दिवस करूनहि पाहिला होता. पुण्याची नोकरी आतां तो चंद्रपूरच्या घरीं बसूनच करतो. तेव्हां संध्याकाळीं कांहीं व्यायाम हवा, आणि आपल्या दोन जिल्ह्यांत तर पाणीच पाणी आहे, असें त्याचें म्हणणें.

पाणीच पाणी आहे हें खरें. पण आमच्या घरांत पाण्याचें नांव काढावयाचें नाहीं, असा एक अलिखित नियम १९७१ सालापासून आहे. मी या घरांत १९६९ सालीं आलें. माझे सर्वांत धाकटे दीर तेव्हां महाविद्यालयांत शिकत होते. १९७१ च्या आषाढांत ते दोघां मित्रांबरोबर सावलीच्या बाजूस एका खेड्यांत गेले. वैनगंगेला पूर आला होता. कांठावर एक डोंगा उपडा ठेवलेला होता. तो नदीवरचा नव्हे. आंतल्या एका गांवच्या तळ्यावरचा. तळाशीं चीर गेली म्हणून बैलगाडीवर घालून कारागिराकडे आणलेला आणि नुकताच दुरुस्त झालेला. तिघांनीं तो पाण्यांत लोटला. दोघे परत आले. त्या सकाळीं भावोजींना मींच वाढलें होतें. अर्धें थालीपीठ पानांत टाकून ते उठले, म्हणून मी त्यांच्यावर रागावलेंहि होतें.

सासूबाईंनीं पुढें कोणत्याहि मुलाला पोहावयास शिकूं दिलें नाहीं. त्या गेल्या, परंतु नियम राहिला. माझी जाऊ या घरांत आली ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं. तिनें भावोजींना पाहिलेंहि नाहीं, पण भीति मात्र तिनें सासूबाईंकडून दागिन्यांसारखी जपून घेतली आहे. ती भीति निराधार आहे असें कोण म्हणेल? २०२४ च्या जानेवारींत चामोर्शी तालुक्यांतील गणपूरजवळ मिरची तोडण्यास निघालेल्या मजूर स्त्रियांची नाव वैनगंगेंत उलटली, ती बातमी आमच्या घरीं दोन दिवस कोणीं मोठ्यानें वाचली नाहीं.

धाकटा मात्र गोव्याला जाण्यापूर्वीं पुण्यांत चोरून पोहावयास शिकला होता, हें त्या रात्रीं उघडकीस आलें. आतां पोहतां येणाऱ्या तीस वर्षांच्या मुलाला "नाहीं" म्हणण्यापेक्षां त्याला "कोणती?" असें विचारणें अधिक शहाणपणाचें, असें मला वाटलें. मी सत्तावीस वर्षें शाळेंत भूगोल शिकविला आहे. नदीचा नकाशा भिंतीवर टांगावयाचा आणि घरांत मात्र नदीचें नांव घ्यावयाचें नाहीं, हा दुटप्पीपणा मला मनांतून कधींच रुचला नव्हता.

दुसऱ्या दिवशीं तो चित्रें घेऊन बसला. फळ्या मुख्यतः तीन तऱ्हेच्या. एक समुद्राच्या लाटांवर खेळण्याची: आंखूड, आठ-नऊ फूट, पुढचें टोंक चांगलेंच वर उचललेलें, म्हणजे लाटेच्या उतारावरून घसरतांना तें पाण्यांत खुपसत नाहीं. दुसरी शर्यतीची: चौदा फूट लांब, जेमतेम पंचवीस-सव्वीस इंच रुंद, नावेसारखी पाणी कापीत जाणारी. तिसरी सर्वसाधारण: साडेदहा फूट लांब, बत्तीस ते चौतीस इंच रुंद, पुढून गोल. धाकट्याचें मन अर्थातच दुसरीवर बसलें होतें. ती चित्रांत फार सुंदर दिसे, हें मलाहि मान्य करावें लागलें. गोव्याच्या शिक्षकानें त्याला पहिलीची शिफारस केली होती, कारण तेथें लाटा होत्या. तिसरीला आमचे चिरंजीव "पाटासारखी" म्हणाले.

मग रुंदी म्हणजे काय याची परीक्षा आमच्या बंगईवर झाली. तिची फळी बावीस इंच रुंद आहे. धाकटा तिच्यावर उभा राहिला आणि मोठ्या पुतण्याच्या मुलींनीं ती हलकेच डोलविली. दुसऱ्या झोक्याला त्यानें कडी घट्ट धरली. "पाण्यावर कडी नसते हो काका!" असें मुली म्हणाल्या, आणि त्या घटकेपासून सव्वीस इंचांचा प्रताप बराच उतरला.

तरंगण्याचा हिशेब सोपा आहे. आर्किमिडीजचा नियम मी मुलांना तोंडपाठ करून घेत असें. धाकट्याचें वजन ऐंशी किलो, म्हणजे तेवढ्या भारासाठीं ऐंशी लिटर पाणी बाजूला सारलें पाहिजे. सुमारें शंभर लिटर आकारमानाची लाटांवरची फळी त्याला घेऊन तरंगेल, पण बुडूं बुडूं करीत. लाटेनें ओढून नेलें तरच ती स्थिर. पाटासारखी फळी तीनशे लिटरच्या घरांतली. ती उभ्या माणसाला नुसत्या थांबलेल्या पाण्यावरहि सांभाळते. म्हणजे प्रश्न फळीचा राहिलाच नाहीं. आपल्याकडे लाटा कसल्या, हा प्रश्न उरला.

येथें माझा भूगोल जागा झाला. समुद्रांत लाट पुढें येते, पण पाणी जवळजवळ जागच्या जागींच वरखालीं होतें. पुराच्या नदींत नेमकें उलट: खालीं खडक असला कीं त्यावर लाट जागच्या जागीं उभी राहते आणि पाणी तिच्यांतून धांवत जातें. समुद्राच्या लाटेवर बसलेला माणूस किनाऱ्याकडे येतो. नदीच्या लाटेवर बसलेला माणूस लाट सोडून प्रवाहाबरोबर जातो, आणि पुढें झाड आहे कीं पुलाचा खांब, हें लाट सांगत नाहीं. वैनगंगा शिवनी जिल्ह्यांत उगम पावून दक्षिणेकडे येते, चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरींत जाते. आतां वर गोसीखुर्दचें धरण झालें आहे. त्याला तेहतीस दरवाजे. येथें आकाश स्वच्छ असतांना भंडाऱ्याकडच्या पावसानें तिकडचे दरवाजे उघडतात व खालीं पाणी चढतें. २०२० च्या ऑगस्टच्या अखेरीस ब्रह्मपुरी-देसाईगंजकडे काय झालें तें आपण सर्वांनीं पाहिलें. उन्हाळ्यांत तीच नदी वाळू आणि खडक यांच्यामधून घोट्याएवढी वाहते.

पण पुस्तकांतला भूगोल तो किती? माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील ढिवर समाजांतले, वैनगंगेवर जन्मभर डोंगा चालविलेले. वय आतां ऐंशीच्या पुढें. त्यांना विचारावें असें मी सुचविलें. जाऊ म्हणाली, "मीहि येतें." ती कां आली हें मीं विचारलें नाहीं. एके रविवारीं मूल-सावलीच्या रस्त्यानें आम्ही तिघें व्याहाडच्या अलीकडे त्यांच्या घरीं पोंचलों.

म्हाताऱ्यांनीं मोबाइलवरचीं चित्रें डोळ्यांजवळ नेऊन पाहिलीं आणि ते हंसले. "उभ्यानं चालवते? आम्ही का बसून चालवत होतो?" अंगणांत एक जुना डोंगा उपडा पडला होता, सावरीच्या एकाच खोडांतून कोरलेला. सावर हलकी, कोरावयास सोपी, पण लौकर कुजणारी. ऐनाचा डोंगा जड, पण टिकाऊ, असें त्यांनीं सांगितलें. हल्लीं तेवढीं खोडें कोण तोडूं देतो? तरुण मुलें पत्र्याचे डोंगे वापरतात. मग ते धाकट्याला हातानें डोंग्याची पाठ चांचपून दाखवूं लागले. हा नदीचा. दोन्ही टोंकें वर घेतलेलीं, कांठ उंच, तळ गोलसर. लाट आली तर टोंक तिच्यावर चढतें. तळ्याचा डोंगा निराळा. तो आंखूड, तळ सपाट, कांठ बुटके. कारण तेथें माणूस एका बाजूस वांकून शिंगाड्याचे वेल ओढतो, डोंगा कलूं नये आणि हात पाण्याला पोंचावा. नदीचा डोंगा तळ्यांत नेला तर नुसता डुलतो, काम होत नाहीं. माणसें पुष्कळ असलीं तर दोन डोंगे आडव्या बांबूंनीं एकत्र बांधावे, म्हणजे कोणताच उलटत नाहीं.

"आणि तळ्याचा नदींत नेला तर?" हा प्रश्न जाऊनें विचारला.

म्हातारे तिच्याकडे पाहत राहिले. मग मीं १९७१ ची हकीकत सांगितली. त्यांना ती आठवत होती. डोंगा पुढें दोन कोसांवर झाडाला अडकलेला सांपडला, तो काढणाऱ्यांत ते स्वतः होते. तो उलटलाच नव्हता. सरळ होता, कांठोकांठ पाण्यानें भरलेला. "पहिल्या लाटेलाच भरला असन. कांठ होते वीतभर. पोराचा काही कसूर नाही, बाई. डोंगा त्या पान्याचा नव्हता."

चौपन्न वर्षें आमच्या घरांत दोन मतें होतीं. सासूबाई म्हणत, नदीनें नेला. मामंजी म्हणत, दांडगाईनें गेला. भावोजी आगाऊ होते म्हणून बुडाले, असें मामंजींच्या तोंडून मीं इतक्यांदा ऐकलें होतें कीं मलाहि तें खरें वाटूं लागलें होतें. उभे राहिले असतील, मस्ती केली असेल, असेंच आम्ही समजत आलों. पूर पाहून पाण्यांत जाणें ही चूक खरीच. परंतु त्या बुटक्या कांठांविषयीं आमच्या घरांत कोणाला कांहीं ठाऊक नव्हतें. आणि शहरांत वाढलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला तें कोण सांगणार होतें? परततांना गाडींत जाऊ बराच वेळ गप्प होती. मूल मागें पडल्यावर तिनें मुलाला विचारलें, "तुझी ती पाटासारखी फळी, ती कोणत्या पाण्याची?"

ती तळ्याची, हें एव्हांना आम्हां सर्वांना दिसून चुकलें होतें. आपल्याकडचीं तळीं म्हणजे गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनीं बांधलेलीं. १९५१ सालीं मालगुजारी गेली आणि तीं "माजी मालगुजारी", लोकांच्या तोंडीं "मामा तलाव" झालीं. पाणी थोडक्या लांबीचें, म्हणून वाऱ्यानें उठणारी लाटहि लहान. तेथें टोंक फार उचललेलें असून उपयोग नाहीं. उलट वारा त्याखालीं शिरतो. उभा माणूस स्वतःच एक शीड असतो, हें वैशाखांतल्या दुपारच्या वावटळींत कळतें. फळीच्या तळाशीं माशासारखा पर असतो, तो समुद्रासाठीं आठ-दहा इंचांचा. आपल्या तळ्यांत बुडालेले बुंधे आणि वेली; लांब पर अडकला कीं फळी थांबते आणि माणूस पुढें जातो. म्हणून धाकट्यानें आंखूड, लवचीक, काढतां-घालतां येणारा पर मागविला. फळी हवेची घेतली. आंतून हजारों धाग्यांनीं वरचा व खालचा पडदा जोडलेला असतो, त्यामुळें पंपानें हवा भरली कीं ती लांकडासारखी ताठ होते आणि खोडाला घासली तरी चिरत नाहीं. चौतीस इंच रुंद. शर्यतीचें चित्र त्यानें फोनमधून पुसलें कीं नाहीं, तें मला ठाऊक नाहीं.

एक गोष्ट मात्र मातांनीं ध्यानांत ठेवावी म्हणून लिहितें. फळी हातची जाऊं नये यासाठीं घोट्याला एक दोरी बांधतात. समुद्रांत ती बरोबर. परंतु वाहत्या पाण्यांत दोरी बुंध्यांत अडकली तर प्रवाह माणसाला खालीं दाबून धरतो आणि घोट्यापर्यंत हात पोंचत नाहीं. तेथें दोरी कमरेच्या पट्ट्याला हवी, एका झटक्यांत सुटणारी. धाकटा नदीवर जाणार नाहीं असें त्यानें कबूल केलें आहे. तरी तळ्यांतहि बुंधे आहेत, म्हणून पट्टा कमरेचाच घेतला. तरंगणारें जाकीट वेगळें.

सिंदेवाहीकडच्या एका तळ्यावर तेथील मच्छीमार संस्थेची परवानगी घेऊन मार्गशीर्षांत आम्ही गेलों. शिंगाडे निघून गेले होते व पाणी मोकळें होतें. जाऊ पाळीवर सतरंजी टाकून बसली. निघण्यापूर्वीं तिनें कमरेचा पट्टा स्वतः तीनदां ओढून सोडवून पाहिला आणि फळीची रुंदी वितीनें मोजली. पावणेचार वीत भरली. धाकटा आधीं गुडघ्यांवर होता, मग उभा राहिला, थोडा डगमगला. पाळीवरून दोन ढिवर मुलें ओरडलीं, "गुडघे वाकव!"

जाऊ उठून उभी राहिली होती. तो तळ्याच्या मध्यावर पोंचला तेव्हां तिनें डबा उघडला आणि त्या दोन्ही मुलांना बोलावून थालीपिठें दिलीं. मग मला म्हणाली, "भावोजींना आवडत, असें तुम्हीं सांगितलें होतें ना?"

अर्धें टाकून उठले होते, तें मीं तिला कधीं सांगितलें नव्हतें. त्या दिवशीं सांगितलें.