पिल्लाचा अलंकार

गदिमांची बदकांच्या तळ्यातली, राजहंसाच्या एकट्या पिल्लाची कविता ठाऊक नाही असं मराठी घर विरळा. मूळ गोष्ट डेन्मार्कच्या अँडरसनची, १८४३ सालची. द्वारकेला मुलाकडं उतरलो होतो, तेव्हा नातू तीच कविता घेऊन बसलेला. जूनमध्येच गावची शाळा सोडून इथं आलेला. “आबा, यात अलंकार कोणता?”

पिल्लू माणसासारखं रडतं म्हणून त्यानं चेतनगुणोक्ती लिहिलं होतं. मला पटेना. निर्जीवाला सजीव मानलं की चेतनगुणोक्ती. पाखराला तर जीव असतोच. जोडीतला एक बैल विकला की मागं राहिलेला दोन-दोन दिवस वैरणीला तोंड लावत नाही, त्यात कसला आलाय अलंकार!

दहावीपर्यंतचं व्याकरण अजून डोक्यात आहे. बोलायचं एकाला अन् लागायचं दुसऱ्याला, ती अन्योक्ती. लेकी बोले सुने लागे, तसंच. बदकं नावाला, कविता आहे ती, कुणी खेळायला घेत नाही त्या पोराची.

त्यानं खोडून अन्योक्ती लिहिलं. मग पेन तसंच धरून म्हणाला, “वर्गात मला गावठी म्हणतात.”

खाली चौकात पुणे रस्त्याच्या गाड्या खोळंबल्या होत्या, हॉर्न थांबत नव्हते. मी खिडकी लावली अन् त्याच्याजवळ खाली बसलो.